राळ भरलेलं इंजिन

१० जानेवारी १९५४, रविवार
चर्चमधल्या मिसानंतर निर्मळ गावची मंडळी आमच्या फ्लोराला बघायला आली. मुलाचे वडील सेबेस्टियन, रेल्वेचे रिटायर्ड ड्रायव्हर. पांढराशुभ्र कोट. विचारलं, ॲन्सेल्म, तुम्ही रेल्वेत कुठे होता? मी म्हणालो, बॉयलरवर. आता बॉयलर शॉप आणि आमचं युनिफॉर्म स्टोअर यांच्यात एक भिंत होती. एका भिंतीपायी माणूस खोटारडा ठरत नाही. बायकोने, लिडियाने, माझ्याकडे पाहिलं. मी चहाकडे.

१२ जानेवारी
दगडखाणीचे दिवाकरशेठ बाजारात भेटले. त्यांच्या वडिलांचं छोटं इंजिन खाणीत गंजत पडलंय. एकदा त्याची वाफ बघायची, मग भंगारात, म्हणाले. मी म्हणालो, भंगारात कशाला, बॉयलर मी करून देतो. कसं बोलून गेलो देव जाणे.

१४ जानेवारी
झालं! निर्मळला कळलं. सेबेस्टियनचा निरोप: महिनाअखेरच्या रविवारी इंजिन बघायला येतो. म्हणजे परीक्षाच. इंजिन हललं तर लग्नाचा शब्द, नाही तर पोरगी घरात. उद्यापासून पहाटे उठून काम.

१५ जानेवारी
सर्दी.

१८ जानेवारी
बॉयलर पाहिला. आत नळ्या. बऱ्याच. पाणी भरलं, तर चाळणीसारखं गळलं. दोष इथल्या खाऱ्या पाण्याचा.

२१ जानेवारी
डोकं चाललं! पाचूबंदरचा श्रीपत होड्यांच्या फटीत कापूस आणि राळ ठोकतो. त्याला आणला. बॉयलर बघून म्हणाला, दर्याचं पानी आत येत नाय, तर तुमचं पानी भाईर कसं जाईल? बिनतोड. रेल्वेतल्या एकाही साहेबाला हे सुचलं नव्हतं.

२४ जानेवारी, रविवार
काठोकाठ पाणी भरलं. थेंब गळेल तर शपथ! आपण उगाच स्टोअरमध्ये सडलो. फ्लोराला निर्मळच्या मंडळींबद्दल काही सांगायचंय म्हणे. म्हटलं, बाई, पुढच्या रविवारनंतर. आता माझं डोकं खाऊ नकोस.

३० जानेवारी
लिडिया म्हणते, एकदा पेटवून तरी बघा. बायकांना धीर नसतो. म्हटलं, रेल्वेत रंगीत तालीम नसते.

३१ जानेवारी, रविवार
लिहू नये असं वाटतं.
सगळे जमले. दिवाकरशेठनी नारळ फोडला. मी स्वतः आग घातली. आधी वास सुटला, देवळात धूप जाळल्यासारखा. सगळे खूश, मीही. सेबेस्टियन तेवढे दोन पावलं मागे सरकले. मग काळी राळ टपटप गळायला लागली. मग कापसाचे बोळे सटासट उडाले. मग सगळं पाणी आगीवर, आणि राखेचा, वाफेचा, राळेचा एकच लोट. इंजिन तसूभर हललं नाही. लोक मात्र बरेच हलले. श्रीपत म्हणाला, होडीखाली आग कोन लावतं?
सेबेस्टियनच्या कोटावर छातीपासून खिशापर्यंत राळ.
मान वर होईना. फ्लोरा रडत नव्हती, तेच जास्त लागलं. पोरीचं मी वाटोळं केलं असं म्हणायला तोंड उघडलं, तर सेबेस्टियननी हात धरून बाजूला नेलं. म्हणाले, तुमच्या पोरीने पहिल्याच दिवशी विहिरीपाशी आमच्या मिसेसना सांगितलं, बाबा बॉयलरवर नव्हते, स्टोअरमध्ये कोट वाटायचे, खोट्यावर लग्न नको. तेव्हाच आमच्या मनात ती भरली. आज आम्ही नुसतं इंजिन बघायला आलो. आणि म्हणाले, माझा पहिला कोटही तुमच्याच हातचा असेल.
यापेक्षा बॉयलर अंगावर फुटला असता तर बरं झालं असतं. मी कोट तेवढा मागून घेतला.

१ फेब्रुवारी
राळेचा डाग गरम पाण्याने आणखी पसरतो. आधी सुरीच्या पाठीने खरवडायचा, मग रॉकेल, मग साबण, आणि सावलीत वाळवायचा. स्टोअरमध्ये आम्ही असेच काढायचो. लिडियाला हात लावू दिला नाही.
डाग पूर्ण गेला. फ्लोराने कोट उजेडात धरून पाहिला आणि म्हणाली, बाबा, हे किती छान येतं तुम्हाला.