लिओनाच्या रोलमधले उरलेले अकरा फोटो

नादियाताई,

साष्टांग नमस्कार. (खरोखरचा साष्टांग. शनिवारी चिखलात पालथा पडलो तेव्हा घातला. तो तुलाच पोचला असं समज.) तुझे गुडघे कसे आहेत? डोंगरापलीकडे तुम्हाला हवा मऊ मिळते, तेव्हा बरेच असणार. मी मजेत आहे.

तुला फोनवर म्हटलं होतं ना, लिओनाच्या कॅमेऱ्यात रोल तसाच अर्धा राहिलाय? चोवीसपैकी तेरा फोटो तिने काढले, मग फेब्रुवारीत ती गेली. दुकानदार म्हणाला, द्या तसाच, धुऊन देतो. पण पावाच्या पिशव्या धुऊन दोरीवर वाळत घालणाऱ्या आईची आपण पोरं. अकरा फोटो कोरे ठेवून रोल दिला असता तर आई थडग्यातून उठून आली असती. म्हणून ठरवलं, लिओनासारखंच गावोगाव हिंडायचं, पाडून टाकायच्या आधी धान्याची जुनी लाकडी कोठारं टिपायची, रोल संपवायचा आणि हिने शेवटी काय काय पाहिलं ते बघायचं. (एकतीस वर्षांच्या संसारात ती सतत चल म्हणत होती. जुन्या फळ्या काय बघायच्या, म्हणून मी एकदाही गेलो नाही. आता गेलो तर धो धो पाऊस.)

शनिवारी सकाळी जी झड लागली ती थांबलीच नाही. आपल्याकडच्या चिखलाचं तुला काय सांगायचं. विसरली असशील तर सांगतो, माझा डावा बूट त्याने ठेवून घेतला. समोरून गाडी आली की नमस्कारादाखल स्टिअरिंगवरून एक बोट उचलायचं ही आपली रीत. दोन दिवसांत मी तीनदा उचललं, त्यातलं एकदा उभ्या ट्रॅक्टरला. बोलायला कोणी नाही, म्हणून कोठारांशीच बोलत होतो. एका फोटोत माझा अंगठा नक्की आला असणार, आणि एका वेळी भिंगावरचं झाकण काढायचंच राहिलं होतं.

रविवारी वेर्बा नावाच्या गावी पोचलो. वस्ती नऊ माणसांची. तिथल्या सभागृहाचा फोटो काढत होतो, तर समोरच्या घरातून स्टेफानियाबाई छत्री घेऊन आल्या, मला दंडाला धरून सभागृहात नेलं आणि बटाट्याचं सारण भरलेल्या, लोण्यात घोळवलेल्या गरम पिरोगींची ताटली पुढ्यात ठेवली. मी म्हटलं, काय ही माया, आणि खायला बसलो. तर म्हणतात, "लिहून घ्या, छप्पर गळत नाही." हे म्हणताना माझ्या टोपीवर टपटप चालूच होती. मी वर पाहिलं. "ते तुमच्या टोपीत मुरलेलं पाणी आहे," म्हणाल्या. सभागृह पाडायचं की ठेवायचं ते बघायला सरकारी माणूस यायचा होता, आणि तो मीच असा बाईंचा समज. मी खरं सांगणार होतो, पण आपल्यात तोंडात घास असताना बोलत नाहीत, आणि त्या ताटली रिकामी होऊ देईनात. चौदाव्या पिरोगीला कबूल केलं. "आधी नाही का सांगायचं? चांगलं लोणी खर्च केलं ना मी तुमच्यावर," म्हणाल्या.

मग त्यांचं लक्ष कॅमेऱ्याकडे गेलं. "हा निळा पट्टा मी ओळखते. गेल्या पानगळीत एक बाई आली होती. पायरीवर बसवून माझा फोटो काढला. पाठवते म्हणाली, अजून पत्ता नाही तिचा." मी सांगितलं, ती माझी बायको. पुढचं सांगावं लागलं नाही. थोड्या वेळाने म्हणाल्या, "तुमच्याविषयी बोलली होती. पुढच्या खेपेला नवरा नक्की येईल म्हणाली." ताई, मला रडू आवरलं नाही. त्यांचा फोटो आणून देतो असं कबूल करून निघालो.

तर झाले एकदाचे अकरा. उद्या रोल धुवायला टाकतो. माझी काळजी करू नकोस.

तुझा धाकटा,
ओरेस्ट

ता. क. मजेत आहे असं वर लिहिलंय ते सवयीने.

आणखी एक ता. क. अकरा नाही, दहाच झाले. शेवटचा काढवत नाही. तो काढला की फोटोंचं पाकीट हातात येणार, आणि मग लिओनाचं नवीन बघायचं काही उरणार नाही. पण स्टेफानियाबाई ब्याऐंशीच्या आहेत, त्यांना किती थांबवू? तू बर्फ पडायच्या आत ये. दारात उभी राहा, तुझा फोटो काढतो. मग पाकीट तू उघड, मी शेजारी बसतो.