जावयाला जेवायला कुठं न्यावं

१८ मे, सोमवार
कालपासून अधिक महिना लागला. उजव्या मनगटाला प्लास्टर, म्हणून हे डाव्या हातानं. अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. बत्तीस वर्षं पोरांच्या वह्यांवर लाल शेरे मारले, त्याची फेड.
मेघाला फोन केला. तिनं कोर्टात लग्न केलं म्हणून मागच्या अधिकात यांनी जावयाला धोंड्याला बोलावू दिलं नाही. अमोल अजून आमची पायरी चढलेला नाही. हे त्याच्याशी एक शब्द बोललेले नाहीत. आज परत विषय काढला तर, "माझ्या घरात नाय."
बरं. घरात नाही म्हणाले. हॉटेलचं कुठं काय म्हणाले? हात मोडलाय, सैपाक होत नाही, आयतंच निमित्त. ७ जून, रविवार ठरवून टाकला. मेघानं विचारलं, पप्पा येतील? मी हो म्हणून बसले.

२१ मे, गुरुवार
हॉटेल बघायला निघाले. सोबत शमीमबाजी, आमच्या शाळेतली उर्दूची. शहागंज ते पैठण गेट, कुठं काय मिळतं ते तिला तोंडपाठ. बाहेर भट्टी पेटलेली, आणि आम्ही दोघी निराला बाजारात एसीत बसून थाळी खातोय. डाव्या हातानं, चमच्यानं. आमरस तीनदा घेतला. वाढपी चौथ्यांदा आला तेव्हा शमीमबाजीनंच त्याला परत पाठवला.
छप्पन वर्षांत नवरा-पोरांशिवाय पहिल्यांदा हॉटेलात जेवले. लई मजा आली, खोटं कशाला लिहू.
पण हॉटेल नापास. गोडात गुलाबजाम. पुरणाचे धोंडे नाहीत, आणि बाहेरचं आणू देत नाहीत. धोंड्याशिवाय अधिकात जावयाला जेवू घालणं म्हणजे नुसतं जेवण.

२६ मे, मंगळवार
गुलमंडी. दोन ठिकाणं बघितली. एकाचं टेबल चिकट, दुसरीकडं इतकी गर्दी की जावयाला ओवाळायला हात वर करायची सोय नाही. पण पाय निघेना. कढईतली गरम इमरती उभ्या उभ्या खाल्ली, हनुवटीवरून पाक. भट्टीतून पिवळे नान निघत होते, शमीमबाजीनं चार घेतले. तिच्या घरी मटणाचा कलिया शिजलेला. मी म्हटलं, अधिकात मला नाही चालत, नान तेवढा दे. चहात बुडवून खाल्ला. ती म्हणाली, "महिना खतम हुए बाद दामाद को मेरे पास भेज. कलिया मैं खिलाती."
हे घरी विचारत होते, रोज कुठं हिंडते. म्हटलं, डॉक्टर म्हणालेत चालायला पाहिजे.

३० मे, शनिवार
सापडली! औरंगपुऱ्यात, जिन्यानं वर, सात टेबलांची खानावळ. मालकीणबाई पाचोडकडच्या, म्हणजे यांच्याच गावाकडच्या. ऐकल्याबरोबर म्हणाल्या, "धोंडे घरून आणा ताई. बाकी पान मी मांडते. पण वाढायचं तुमीच. सासूनं वाढल्याबिगर ते धोंडे कसले?"
पाच पानं सांगितली. आम्ही दोघं, ते दोघं, शमीमबाजी. जिना उतरताना पोरीसारखी उड्या मारत होते. प्लास्टर आपटलं.

४ जून, गुरुवार
धोंडे करणार कोण, हे मी एवढ्या उत्साहात विचारातच घेतलं नव्हतं. बचत गटाच्या बाया म्हणतात, अधिकात आठ दिवस आधी सांगायचं असतं.
शेवटी यांना सगळं सांगून टाकलं. हॉटेल, रविवार, पाच पानं. यांनी पेपरचं पान उलटलं. मी मोरीत जाऊन रडले. तीन वर्षं झाली, पोर सणाला एकटी येते आणि एकटी जाते.

६ जून, शनिवार
सकाळी उठले तर ओट्यावर हरभऱ्याची डाळ भिजत घातलेली. हे बनियनवर उभे. "गूळ किती घालायचा?"
मी स्टुलावर बसून हुकूम सोडले. कारखान्यात सव्वीस वर्षं मशीन चालवलेला माणूस, कणीक मळताना घामाघूम. पहिला घाणा चाळणीतच फुटला, पुरण सगळं पाण्यात. मी हसले, तर चिडले. दुसऱ्यांदा केले. एकवीस झाले, तीन सोडून सगळे गोल.
"माझं नाव सांगायचं नाय," म्हणाले.

७ जून, रविवार, संध्याकाळ
यांनी गाडीनं सोडलं, पण वर आले नाहीत. खाली गल्लीत गाडीतच बसून राहिले. पाचवं पान रिकामं. मेघा त्या पानाकडं बघायची आणि मान खाली घालायची. खोटं बोलल्याची मला लाज वाटली.
डाव्या हातानं जावयाला वाढू कसं? मालकीणबाई म्हणाल्या, उजवा नुसता लावा. प्लास्टरचा हात पळीला टेकवून वाढलं, वर तूप. अमोलनं दोन खाल्ले. मग विचारलं, "आई, तुमचा तर हात मोडलाय. केले कोणी?"
सांगून टाकलं.
तो उठला. वाटीत दोन धोंडे घेतले, तूप घातलं, जिना उतरून गेला. खिडकीतून बघितलं. गाडीचं दार उघडलं, तो आत बसला, दार लागलं. अर्धा तास. शमीमबाजीनं मेघाचा हात धरून ठेवला होता. अमोल एकटाच वर आला. वाटी रिकामी. ताटावर बसून उरलेला भात खाल्ला.
घरी येताना क्रांती चौकापर्यंत मी दम धरला. मग विचारलंच, काय बोललात?
"ते आमच्या दोघांतलं हाय."
मी पुढं विचारलं नाही. अधिकाचे अजून आठ दिवस आहेत, जावयाला घरी बोलवायला.