कुंडमच्या मशीनवरची पहिली नोंद

२३ मार्च, सोमवार
सकाळी मरावी दीदींचा फोन. कुंडमच्या आरोग्य केंद्रातल्या नर्स. "दीदी, अक्ती पे गाँव-गाँव में शादियाँ हैं. लिस्ट उसके पहले दे दो."
अक्ती म्हणजे अक्षय्य तृतीया. लिस्ट म्हणजे सिकलसेल तपासणीचे निकाल. दोन वर्षं आम्ही गावोगाव फिरून रक्ताचे नमुने घेतले, प्रयोगशाळेचे निकाल केंद्रातल्या मशीनवर, म्हणजे कॉम्प्युटरवर, भरले गेले, आणि प्रत्येकाच्या निकालाचं कार्ड छापायच्या आधीच प्रकल्प बंद. नवरा-नवरी दोघांच्या रक्तात दोष असला तर मूल आजारी निघू शकतं. लग्नं ठरतायत आणि कोणाला काही ठाऊक नाही.
रजिस्टर पावसात भिजून गेलं. उरली एक फाइल. कोणीतरी मशीन फॉरमॅट केलं त्यात मी लिहिलेला प्रोग्राम उडाला, फाइल दुसऱ्या ड्राइव्हवर म्हणून बचावली. पण ती नुसती उघडून वाचता येत नाही. ज्या लायब्ररीने, म्हणजे तयार कोडच्या संचाने, माहितीचं गाठोडं बांधलं, तिनेच ते सुटतं. घरी नेटवरून ती टाकायला एक ओळ पुरते. तिथे नेट नाही. फाइल बाहेर आणायची नाही, रुग्णांची माहिती आहे, तशी सही केलीय मीच.
लायब्ररी पेनड्राइव्हवर घेतली. बुधवारी जाऊन संपवते.

२५ मार्च, बुध.
संपवते म्हणे. मी माझ्या लॅपटॉपसाठीची लायब्ररी नेली. केंद्रातलं मशीन जुनं, बत्तीस बिटचं. लाल अक्षरांत एक ओळ आली, की ही फाइल या मशीनवर चालत नाही. गेली तशी परत. बसमध्ये स्वतःला शिव्या घातल्या.
केंद्राच्या ओट्यावर जुन्या ओळखीच्या बाया भेटल्या. पहिल्या शिबिरात कोणी बोट पुढे करेना, तेव्हा मीच आधी टोचून घेतलं होतं. अजून हसतात त्यावर. "दीदी तो रो दी थीं." रडले नव्हते.
घरी आई तयारच. सराफ्यात मंगळसूत्र बघायचं राहिलंय. "काहून गं, कुंडमलाच संसार थाटून राहिली काय? तुझं लग्न मे महिन्यात आहे, माहीत आहे ना?"
माहीत आहे.

२८ मार्च, शनि.
दुसरी खेप. बत्तीस बिटची नेली. आता म्हणे मशीनवरच्या पायथन भाषेची आवृत्ती जुळत नाही. मागच्या वेळी आवृत्ती बघून यायला काय झालं होतं? डोकं ठिकाणावर नाही. मूळ कोडही सोबत होतं, तर ते मशीनच्या भाषेत आणायला कंपायलर मागतं. तो तिथे कुठून आणू.
दीदींनी चहा दिला. एवढंच म्हणाल्या, "सुखवती की दीदी की सगाई हो गई." सुखवती म्हणजे ती नेहमी दुखण्याने कण्हणारी मुलगी. तिच्या मोठ्या बहिणीचं लग्न ठरलं.

३१ मार्च, मंगळ.
कंपायलरशिवाय चालणारं साधं रूप त्याच लायब्ररीत आहे. हळू चालतं, पण चालतं. सूचनांमध्ये लिहिलंय, मी वाचलंच नव्हतं. सूचना न वाचणाऱ्यांवर ऑफिसात मीच सगळ्यात जास्त चिडते.
आईबरोबर सराफ्यात गेले. दुकानात बसून फोनवर आवृत्त्या तपासत होते. आईने फोन काढून घेतला.

१ एप्रिल, बुध.
तिसरी खेप. लायब्ररी लागली! फाइल उघडली.
आणि नवीनच पंचाईत. प्रत्येक नोंदीत नाव, गाव, वय आणि शेवटी नुसता आकडा. ०, १ किंवा २. जागा वाचवायला मी रकान्यांची नावं गाळली होती आणि निकाल शब्दांऐवजी आकड्यात ठेवला होता. केवढी हुशार. शून्य म्हणजे दोष नाही, हे नक्की. पण एक म्हणजे आजार आणि दोन म्हणजे वाहक, ज्याला स्वतःला त्रास नसतो पण दोष मुलांत उतरू शकतो, की उलट? अर्थ त्या उडालेल्या प्रोग्राममध्ये होता. माझंच काम आणि मलाच आठवत नाही. अंदाजाने कार्डं कशी देणार? वाहकाला आजारी ठरवलं तर त्याचं लग्न मोडेल. आजाऱ्याला वाहक म्हटलं तर औषध थांबेल.
जेवण गेलं नाही.

३ एप्रिल, शुक्र.
उपाय दीदींनी काढला. "जो बीमार है उसको तो हम जानते हैं ना. सुखवती का देखो."
सुखवती: २. तिची आई: १. वडील: १. अजून दोन घरं पाहिली, तसंच. म्हणजे दोन आजार, एक वाहक. सुखवतीची बहीण शून्य निघाली. दीदी टेबलावर हात आपटून हसल्या. मलाही इतकं हलकं वाटलं की काय सांगू.
मग लिस्ट छापायला घेतली. प्रिंटर पहिल्या नोंदीपासून सुरू झाला. पहिल्या शिबिरातली पहिली नोंद माझी. मी विसरूनच गेले होते. निकाल भरले तेव्हा मी शहरातल्या कामावर होते, कधी विचारलंही नाही.
माझं नाव. महाराजपुर. २६. १.
कागद दीदींनी आधी उचलला. माझ्याकडे बघितलं.

४ एप्रिल, शनि.
मला काही होणार नाही, वाहकाला काही होत नसतं, हे मी शेकडो जणांना सांगितलंय. आशिषची, माझ्या होणाऱ्या नवऱ्याची, तपासणी झाली की कळेल. तोही एक निघाला तर? भीती वाटते. सरळ लिहिते, भीती वाटते.
निघताना दीदींनी माझंही कार्ड भरून हातात दिलं होतं. "सबको बोलती थीं ना आप, सामने वाले की भी जाँच कराओ."
आई म्हणते आज काहून गप्प आहेस. थकले म्हटलं.

५ एप्रिल, रवि.
मंगळसूत्र घरी आलं. आईने कपाटात ठेवायला दिलं. कार्डही तिथेच आहे, साडीखाली.
दुपारी आशिषला नागपूरला फोन लावला. काय बोलायचं ते तोंडपाठ होतं, गावात इतक्यांदा बोललेय. त्याने हॅलो म्हटलं.
जेवलास का, एवढंच विचारलं.