दोन माणसं, एक काटा

१ डिसेंबर, सोमवार

एकोणनव्वद पॉइंट चार. काटा खोटं बोलतोय!

२ डिसेंबर, मंगळवार

काटा खरं बोलतोय. ऑफिसच्या गाडीतून वीस-वीस किलोची चार लोखंडी वजनं घरात आणून त्याच्यावर चढवली. बरोब्बर ऐंशी. शंभर नंबरी काटा! दिवसभर दुकानादुकानांतून वजनकाटे तपासत हिंडतो, खोट्या काट्यांवर दंड ठोकतो. आणि घरचाच काटा एकदा खोटा निघावा असं मनापासून वाटलं तर तो हा असा हरिश्चंद्र.

वजनं उचलून कंबर धरली. तो व्यायाम धरावा का?

बायको सहा आठवड्यांच्या प्रशिक्षणासाठी परदेशी गेली, त्याला दहा दिवस झाले. विमानतळावर निरोप घेताना प्रेमाचं काही बोलेल असं वाटलं होतं. म्हणाली, "मी येईपर्यंत आई वर आणि तू खाली. उलटं करून ठेवू नका म्हणजे मिळवली."

तर उद्दिष्टं अशी. मी: रक्तातली साखर वाढलेली, ५ जानेवारीपर्यंत पंच्याऐंशी किलो, नाहीतर गोळी सुरू. सासूबाई: खुब्याचं ऑपरेशन, त्याच दिवशी सर्जनबाईंच्या काट्यावर किमान चव्वेचाळीस किलो, नाहीतर ऑपरेशन उन्हाळ्यावर. आणि उन्हाळ्यापर्यंत तो खुबा दम धरेल याची हमी सर्जनबाई देत नाहीत. आज त्या काठी टेकत स्वयंपाकघरापर्यंत जातात. पुढे पलंगापासून पलंगापर्यंत.

सासूबाई आज बेचाळीस पॉइंट एक. ऑक्टोबरात मी पथ्य सुरू केलं तेव्हा सत्तेचाळीस होत्या. तेव्हापासून माझे साडेचार किलो गेले, त्यांचे पाच. पथ्य मी करतोय, वाळताहेत त्या! घरकाम वाटून घ्यावं म्हणतात ते हेच असावं.

४ डिसेंबर, गुरुवार

वर्षअखेरीचा हंगाम सुरू झाला. ऑफिसात झेरॉक्स मशीनच्या शेजारी एक टेबल मांडलंय, त्यावर रोज कुणीतरी खाऊचा डबा उघडून ठेवतं. लोक अचानक सारख्या झेरॉक्स काढायला लागलेत.

दुपारी कोपऱ्यावरच्या बेकरीत तपासणी. मालक गरम केकचा तुकडा पुढे करून उभा. "साहेब, नुसती चव बघा हो!" मी म्हटलं, सरकारी माणसाला भेट चालत नाही. पंचवीस वर्षं हे वाक्य बोलतोय, पण प्रामाणिकपणाचा पोटाला फायदा होतोय असं पहिल्यांदाच घडलं.

रात्री एक वाटी सूप आणि उकडलेल्या भाज्या. सासूबाई डाव घेऊन उभ्याच. "आणखी घ्या थोडं." "नको." "अहो, अर्धा डाव!" "नको, आई." मी उठलो. त्यांचं जेवण नेहमी नंतर, ओट्यापाशी, उभ्यानं. "झालं का जेवून?" मी बाहेरून विचारलं. "झालं की," म्हणाल्या.

फ्रिजमध्ये झाकून ठेवलेल्या वाट्या होत्या. रात्री उठून त्यांना हात लावला नाही. माझा मलाच अभिमान वाटला.

७ डिसेंबर, रविवार

मी अठ्ठ्याऐंशी नऊ. सासूबाई बेचाळीस सहा!! अर्धा किलो! काट्यावरून उतरल्या त्या कशा, मुख्याध्यापिकेसारख्या. बायकोला फोन लावला. ती तिकडे टाळ्या वाजवत होती. "आई, ग्रेट आहेस तू!" सासूबाई लाजल्या आणि स्वेटर घट्ट लपेटून घेतला.

८ डिसेंबर, सोमवार

आज माझी अब्रू गेली.

बाजारातल्या किराणा दुकानात काटा तपासायला पितळी वजनांची पेटी उघडली. मखमलीत एक खड्डा रिकामा. पाचशे ग्रॅम गायब! माझ्या ताब्यातलं, सरकारी शिक्क्याचं, प्रमाणित वजन! दुकानदार गालातल्या गालात हसत म्हणाला, "आमचं माप दहा ग्रॅम कमी भरलं तर दंड. तुमचं अख्खं माप गेलं, त्याला कोणतं कलम लागतं साहेब?"

शनिवारी पेटी पुसायला घरी आणली होती. घरी आलो. खुंटीवर सासूबाईंचा स्वेटर. त्याचा उजवा खिसा खाली ओघळलेला.

"आई, हे काय?"

"परत ठेवणार होते. तुम्ही पेटी लवकर उचललीत."

"हा सरकारी ऐवज आहे!"

"मग? एवढा कर भरतो आपण. अर्ध्या किलोची मदत सरकारने करायला काय हरकत आहे?"

पंचवीस वर्षांत लबाड व्यापारी खूप पाहिले. काट्याखाली चुंबक चिकटवणारे, ओला कागद घालून तोलणारे. पण निरीक्षकाचंच वजन खिशात घालून निरीक्षकासमोर काट्यावर चढणारी ही पहिलीच. मी हसायला लागलो. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "पोरीला तिकडे झोप लागत नाही हो. काल लागली असेल."

म्हणजे खरं वजन, बेचाळीस एक. होतं तिथेच.

बायकोला सांगितलं नाही. तिची झोप अर्ध्या किलोवर टेकलीय.

१२ डिसेंबर, शुक्रवार

सासूबाईंना आमच्या डॉक्टरांकडे नेलं. रक्त, पोट, थायरॉइड, सगळं तपासून झालं. "काहीही दोष नाही. भूक का मेली कळत नाही. वयच आहे." वयाला भूक लागत नाही असं कुणी सांगितलं? ऑफिसातल्या त्या टेबलापाशी निवृत्तीला आलेलेच जास्त असतात.

लोणी आणलं, साय आणली, अंडी आणली. सगळं त्यांनी मन लावून शिजवलं आणि मलाच वाढलं. मी मान फिरवून उकडलेला कोबी खाल्ला.

१४ डिसेंबर, रविवार

सासूबाई एकेचाळीस नऊ. खिसे तपासले. माझे सत्त्याऐंशी आठ. माझं कौतुक करायला घरात कुणाला उत्साह नाही, मलाही नाही.

१७ डिसेंबर, बुधवार

घात झाला. शेजारीण साय घालून भाजलेल्या बटाट्यांचं भांडं देऊन गेली. वरचा पापुद्रा सोनेरी, कडेला जरासा करपलेला. मी एकदा घेतलं. मग दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा घेताना स्वतःच्या हाताकडे बघितलं नाही, म्हणजे साक्षीदार उरला नाही.

एक नवल मात्र झालं. सासूबाई ताट घेऊन समोर बसल्या. खुर्चीवर! आणि व्यवस्थित जेवल्या. "छान झालेत बटाटे," म्हणाल्या. बटाट्यांची किमया.

२० डिसेंबर, शनिवार

बुधवारनंतर घसरलो तो घसरलोच. गुरुवारी ऑफिसची मेजवानी, घरी येऊन पुन्हा जेवलो, शुक्रवारी उरलेले बटाटे. उद्या वजनाचा दिवस. काटा पलंगाखाली सरकवून ठेवलाय.

२१ डिसेंबर, रविवार

त्यांनीच काढला. मी अठ्ठ्याऐंशी सात. आणि सासूबाई बेचाळीस चार!

दोन्ही खिसे उलटे केले. रुमाल आणि एक बटण. बटणाचं किती धरायचं?

२२ डिसेंबर, सोमवार

आज कळलं. लिहिताना अजून लाज वाटतेय.

काल रात्री शहाणपण सुचून पुन्हा एका वाटीवर उठलो होतो. सकाळी दुधासाठी फ्रिज उघडला. भाजीची वाटी, भाताची वाटी, अंड्याचं, सगळं झाकून, जसंच्या तसं. मला इतके दिवस वाटायचं की जेवून उरलेलं असतं ते.

"आई, काल तुम्ही काय खाल्लंत?"

"ब्रेड खाल्ला की."

"आणि हे?"

"ते तुमचं. अर्धपोटी उठलात ना, रात्री भूक लागली तर असावं म्हणून."

"मी पथ्यावर आहे, आई!"

"माहीत आहे हो. पथ्याच्या माणसालाच रात्री भूक लागते."

सहज म्हणाल्या. जसं काही पाणी खालच्या बाजूला वाहतं असं सांगताहेत. घरातलं माणूस पोटभर जेवून उठलं नाही तर उरलेलं त्याचं. जन्मभर हेच. मी दुसऱ्यांदा घेतलं, ढेकर दिली, की मग त्या बसतात. मी 'नको' म्हटलं की ब्रेडची कड. ऑक्टोबरापासून मी रोज ताठ मानेने 'नको' म्हणतोय!

डॉक्टरांनी त्यांचं रक्त तपासलं. तपासायला हवं होतं माझं ताट.

बायकोला फोन केला. सगळं सांगितलं, खिशातलं पाचशे ग्रॅमसुद्धा. आधी हसली. मग म्हणाली, "बाबांचं पथ्य चालू होतं ना, तेव्हाही आई अशीच वाळली होती. आम्ही म्हणायचो, काळजीने."

२३ डिसेंबर, मंगळवार

भाषण दिलं. आई, आजपासून आधी तुम्ही. ताट वाढून समोर ठेवलं. त्या बसल्या, चमचा हातात धरला आणि माझ्याकडे बघत राहिल्या, मी कुठल्या तरी कागदावर सही घ्यायला आलोय अशा नजरेने. सूप गार झालं. दोन चमचे.

दुसरी युक्ती, दुसऱ्यांदा वाढून घ्यायचं, पण कोबी. ढीगभर कोबी! "गवताने कुणाचं पोट भरतं का?" म्हणाल्या आणि भाजीवर झाकण ठेवलं.

तिसरी, ऑफिसात जेवून आलो म्हणालो. जवळ येऊन चक्क वास घेतला. "खोटं."

माझ्या खात्याने ही बाई नेमायला हवी होती.

२४ डिसेंबर, बुधवार

हिशेब साधा आहे. माझं वजन उतरलं नाही तर मला गोळी. त्यांचं चढलं नाही तर त्यांना पलंग. गोळी कोपऱ्यावरच्या दुकानात मिळते.

संध्याकाळी बेकरीत गेलो, ड्यूटी नसताना, रांगेत उभा राहून. मालक चपापला. म्हटलं, घाबरू नका, पूर्ण पैसे देऊन अख्खा केक हवाय. त्याने तोलताना तीनदा काटा शून्यावर आणून दाखवला.

रात्री दोनदा भाजी, दोनदा भात, केक. ढेकर. सासूबाई बसल्या.

२८ डिसेंबर, रविवार

सासूबाई त्रेचाळीस तीन!! मी नव्वद. जन्मात इतक्या आनंदाने जाड झालो नव्हतो.

बायको फोनच्या पडद्यावर मला न्याहाळत म्हणाली, "जरा मागे सरक, आई दिसत नाहीये."

३१ डिसेंबर, बुधवार

ऑफिसात सगळे नव्या वर्षाचे संकल्प सांगत होते. कुणी पळणार, कुणी साखर सोडणार. मला विचारलं. म्हटलं, पाच तारखेपर्यंत खाणार. लोकांना विनोद वाटला.

पट्ट्याला नवं भोक पाडलं. हातोडी आणि खिळा सासूबाईंनीच आणून दिला, समाधानाने.

२ जानेवारी, शुक्रवार

त्रेचाळीस आठ. दोनशे ग्रॅम हवेत आणि मला आता अन्नाकडे बघवत नाही! दुसऱ्यांदा वाढताना डोळ्यांत पाणी आलं. "तिखट झालंय का?" "नाही, आई. फार छान झालंय."

४ जानेवारी, रविवार

बायको आली. दारातच आईला मिठी मारली, मग मला. हात मागे पोचले नाहीत. "मी सांगून काय गेले होते!" "आई वर गेल्या की नाही? निम्मं काम झालं!"

तिघं एका टेबलावर जेवलो. आम्ही दोघं आधी, रीतसर.

५ जानेवारी, सोमवार

सर्जनबाईंचा काटा. कुठलाही काटा दिसला की माझी नजर आधी त्याच्या शिक्क्याकडे जाते, मुदत संपलीय का बघायला. आज भिंतीकडे बघत उभा राहिलो. नोकरी लागल्यापासून पहिल्यांदा.

चव्वेचाळीस पॉइंट दोन!

सर्जनबाई खूष. "अरे वा! काय केलंत हो आजी?"

"मी काय करणार? जावईबापू नीट जेवायला लागले."

सर्जनबाईंनी माझ्या पोटाकडे पाहिलं.

ऑपरेशन गुरुवारी. तिथून थेट आमच्या डॉक्टरांकडे. मी एक्क्याण्णव दोन. गोळी सुरू. चवीला काही खास नाही.

८ जानेवारी, गुरुवार

त्यांनी सकाळपासून उपाशी राहायचं होतं. ते त्यांना जमलं, सरावाने. स्ट्रेचर ऑपरेशनच्या दाराशी आलं आणि त्यांनी कठडा धरला. "जावईबापूंनी काही खाल्लंय का?"

खाल्लं नव्हतं. आम्ही दोघांनी 'हो हो' म्हटलं. त्यांनी माझं तोंड पाहिलं. "खोटं. आधी खाऊन या, मग मी जाते आत."

"आजी, डॉक्टर थांबल्यात," नर्स म्हणाली.

"थांबू देत. त्या खाऊन आल्या असतील."

बायको जिना उतरून धावत कँटीनमध्ये गेली, सँडविच घेऊन धावत आली. भर कॉरिडॉरमध्ये, स्ट्रेचरशेजारी उभं राहून, नर्सच्या देखत मी अख्खं सँडविच खाल्लं. "पाणी प्या वर." प्यायलो. मग त्यांनी कठडा सोडला.

चार तास. बाहेर आलेल्या सर्जनबाई म्हणाल्या, "छान झालं." बायको माझ्या पोटावर डोकं टेकून रडली. जागा पुष्कळ होती.

९ जानेवारी, शुक्रवार

दुपारी नर्स ताट घेऊन आली. सूप, भात, भाजी. मी पलंगाशी उभा. सवयीने म्हटलं, "आई, मी जेवलो नाहीये अजून, पण आता जाऊन—"

"जा की मग. कँटीन खाली आहे." त्यांनी ताट स्वतःकडे ओढलं. "मला भूक लागलीय हो."