तळटीप क्रमांक एकशे बारा

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार (गुडघ्यानं संप पुकारल्यामुळे या खेपेला तो उभ्यानंच गोड मानून घे). तुझी कंबर कशी आहे? भावोजींचा खोकला थांबला का, की अजूनही पाहुणे उठावेत म्हणून खोकतात? मी ठणठणीत आहे. वजन वाढलंय, पण झग्यात ते दिसत नाही, हा आम्हा धर्मगुरूंचा एक फायदा.

पत्रास कारण तसं काही नाही. (आहे, पण धीर गोळा होईपर्यंत इकडचंतिकडचं वाच.)

माझा क्षमेवरचा प्रबंध तुला आठवत असेलच. आठवणार नाही कसा, त्याचं चौथं प्रकरण तुझ्याकडून सात वेळा टाइप करून घेतलं होतं मी. दर वेळी एखादा शब्द हलवायचा आणि पानं पुन्हा तुझ्यापुढे ठेवायची. तू चकार शब्द काढला नाहीस, म्हणून मी तुला गरीब गाय समजलो. तू मात्र सातव्या खेपेला माझी एकशे बारावी तळटीप उडवून तिथं स्वतःचं वाक्य ठोकून दिलंस: “क्षमा करणं देवाला सोपं आहे, कारण पान नव्यानं टाइप करायला दुसरंच कुणीतरी बसलेलं असतं.”

मला हे कळलं थेट तोंडी परीक्षेत. बाहेरून आलेले परीक्षक (भुवया अशा, की समोरच्याला आपोआप पापं आठवावीत) बाकीच्या साडेचारशे पानांबद्दल अवाक्षर बोलले नाहीत. एकशे बारावर थांबले, चष्मा काढून डोळे पुसले आणि म्हणाले, क्षमेचा भार शेवटी कुणाला तरी वाहावा लागतो, हे इतक्या थोडक्यात कुणी मांडलं नव्हतं. मी वाकून ते वाक्य पहिल्यांदाच वाचलं आणि गंभीरपणे मान डोलावली. ताई, त्या डोलावलेल्या मानेवर मी चोवीस वर्षं ईशज्ञानाचा प्राध्यापक आहे.

पुढे त्या तळटिपीवर तीन लेख पाडले, दोन परिषदांत मिरवलो. एका विद्यार्थ्यानं तर टाइप करायला बसलेला तो नेमका कोण, यावर दोनशे पानं लिहिली आणि मी शेरा मारला की अजून खोलात जायला हवं. (तुझ्या स्वयंपाकघरापर्यंत गेला असता तरी पुरे होतं.)

आता विभागप्रमुखाची जागा रिकामी झालीय. निवडीआधी प्राचार्यांनी माझं जाहीर व्याख्यान ठेवलंय, विषय तीच तळटीप. भुवयावाले परीक्षकही येणार आहेत. हा विचार सुचला कसा, तेवढंच ऐकायचंय म्हणतात. काय सांगू? परवा प्रबंध काढून आभाराचं पान वाचलं. ग्रंथपाल आहेत, वसतिगृहाचा आचारी आहे, चष्मेवालासुद्धा आहे. तू नाहीस. लाज वाटली गं, खरंच वाटली.

भावोजींना नमस्कार, भाचीला आशीर्वाद.

तुझा,
विद्वान समजला जाणारा भाऊ

ता. क. : विनंती एवढीच, त्या वाक्यापुढे तुला अजून काही लिहायचं होतं का? असल्यास चाळीस मिनिटं पुरेल इतकं लिहून पाठव. कुणाला बोलू नकोस.

ता. क. २ : वरची विनंती रद्द. पत्र टाकायच्या आधी प्राचार्यांपुढे जाऊन पापांची कबुली दिली. हसून हसून ठसका लागला त्यांना, मग क्षमा केली. प्रायश्चित्त असं, की व्याख्यान तू द्यायचंस आणि मी पहिल्या रांगेत बसून टिपणं काढायची. विभागप्रमुखपदाचं विचारलं, तर म्हणाले, आधी टिपणं बघू.

ता. क. ३ : सोबत निमंत्रणपत्रिका आहे. वक्त्याच्या जागी तुझं नाव घातलंय. मीच टाइप केली. सात वेळा.