जादाच्या किल्ल्या

सोमवार, ३
काम लागलं एकदाचं. दुकानाला काउंटर नाही, सगळं वेबसाइटवर. लोक घरच्या किल्लीचा फोटो आणि पत्ता पाठवतात, मी तशीच किल्ली कापून पोस्टाने रवाना करतो. शाळेत डोकं चाललं नाही, पण हात चालतात. मालक म्हणाले, महिनाभर टिकलास तरी मिळवलं. वहिनींनी, म्हणजे मालकांच्या बायकोने, मागच्या खोलीत गादी टाकून दिली. पितळेच्या चुऱ्याचा वास येतो. आपल्याला चालतोय.

बुधवार, ५
एका निवृत्त शिक्षिकेचा फोन आला. एकट्या राहतात, किल्ल्या हरवतात. पाकिटावरचं माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, म्हणाल्या. मग विचारलं, जेवलास का. घर सोडल्यापासून हे कुणी विचारलं नव्हतं.

सोमवार, १०
वेबसाइट रोज लाल पट्टी दाखवते, सुरक्षेसाठी नवी आवृत्ती टाका म्हणून. मालक म्हणाले, चालतंय ना, मग कशाला बोट घालतोस. ऑर्डरी मात्र वाढल्यात. गिऱ्हाइकं जुनी, फोटो जुने, पाठवायचे पत्ते तेवढे नवे. वहिनी म्हणतात, तुझा पायगुण.

शुक्रवार, १४
त्या शिक्षिका बाईंच्या नावानेही एक ऑर्डर आली होती, पत्ता दुसराच. असेल कुणी भाचा, म्हणून कापून पाठवली. आज त्यांचा फोन आला तेव्हा सहज विषय काढला. त्या म्हणाल्या, मी काही मागवलंच नाही. मी म्हटलं, आमचीच चूक असेल.

शनिवार, १५
वेबसाइटवाल्याने बघून सांगितलं, दोन आठवडे कुणीतरी आत बसलंय. पासवर्ड म्हणजे दुकानाचंच नाव. सगळे फोटो, सगळे पत्ते गेले. जादाच्या किल्ल्या एकोणीस. सगळ्या मी कापलेल्या, कानस मारून, अडकू नयेत म्हणून.
मालक म्हणाले, तोंड उघडायचं नाही, बारा वर्षांचा धंदा बसेल. वहिनी घासलेलीच भांडी घासत होत्या.
मी गप्प बसलो. नोकरी जाईल म्हणून.

मंगळवार, १८
पेपरात घरफोडी. कुलूप शाबूत. ती गल्ली आमच्या यादीत आहे.

बुधवार, १९
माझ्या फोनवरून यादीतल्यांना सांगतोय, कुलूप बदला. एकाने आईवरून शिव्या दिल्या. एकजण म्हणाली, चोर तूच, नंबर पोलिसांना देते. देईल. पाकिटांवर अक्षर माझंच.
बाई उचलत नाहीत.

गुरुवार, २०, सकाळी अकरा
उचलला. पुरुषाचा आवाज. बाई झोपल्यात म्हणाला. मी कोण ते विचारलंसुद्धा नाही. म्हणाला, किल्ली पहिल्या फटक्यात लागली, हात चांगला आहे तुझा —

पोलिसांना फोन लावला. बाईंचा पत्ता सांगितला, दोनदा. गाडी पाठवा म्हटलं. ते विचारतायत, तुला काय माहीत आत कोण आहे. त्यांची किल्ली त्याच्याकडे आली कुठून. कुणी कापली.
मी —