आई दोन दिवस काशीला येते

११ नोव्हेंबर
वाईहून सुधीरचा फोन. आईला काशी दाखवायला आणतोय. दोनच दिवस. "ताई, तू आखून ठेव सगळं." म्हटलं, दोन दिवसांत काय दिसतं? म्हणे रजा नाही. माझा भाऊ जन्मलाच घोड्यावर बसून.
लग्न होऊन इथे रामघाटला येऊन मला २७ वर्षं झाली. आई पहिल्यांदा येणार. उतरणार मात्र धर्मशाळेत. का ते कळलं मला.

१२ नोव्हें.
सकाळपासून भांडी आपटली. आईचा नेम. मुलीला मूल होईस्तोवर तिच्या घरचं खायचं नाही. मला झालंच नाही. मग काय, बसली बाई धरून.
इकडे आख्ख्या महाराष्ट्राचे यात्री आमच्या घरच्या खानावळीत माझ्या हातचं जेवून जातात. आज अकरा पानं, सोलापूरची. एका म्हातारीनं पुन्हा भात मागितला. "पोरी, किती गोड हात गं तुझा." मी भात वाढला.

१४ नोव्हें.
बेत केला. पहिला दिवस: गंगा, विश्वनाथ, अन्नपूर्णा, कालभैरव. दुपारी पडायचं. दुसरा: सकाळी नाव, रामघाट ते अस्सी. मणिकर्णिका नावेतूनच, लांबून. मग सारनाथ.
ह्यांनी विचारलं, जेवण? म्हटलं नावेत. मी डबा नेईन. नाव काही माझं घर नाही.
हे हसले. "सासूबाई आधी विचारतील, नाव कुणाची."
हसा.

१५ नोव्हें.
किशन नाववाल्याला गाठलं. सांगितलं, जेवताना मोटर बंद ठेवायची, हलवायचं नाही. म्हणे, "चाची, अम्मा को घुमाना है कि खिलाना है?" म्हटलं, तू अपनी नाव देख.
मग आईला फोन. डब्याचं सांगितलं.
"अन्न तुझ्याच चुलीवरचं ना?"
झालं. मी ओरडलेच. अन्नपूर्णेच्या दारी येऊन पोरीच्या हातचं नको म्हणतेस, तर येतेस कशाला?
ती हळू म्हणाली, "अगं, मी जेवले तर सोडून दिल्यासारखं होईल."
काय सोडून? मला आधी कळेना. फोन ठेवल्यावर कळलं. ही बाई अजून वाट बघतेय. मी ४८ ची.

१६ नोव्हें.
नऊ पानं. आमटी खारट झाली.

१७ नोव्हें.
पुन्हा फोन केला, दार लावून. सांगून टाकलं. आई, पाळी थांबून दीड वर्ष झालं. आता नाही काही. नको बघूस वाट.
शब्द कडक आले. माझे तसेच येतात.
तिकडे टीव्हीवर बातम्या चालल्या होत्या. मग, "तेव्हाच का नाही सांगितलंस गं?"
ह्यांना सोडून कुणालाच सांगितलं नव्हतं.
"अंगाची आग होते का? माझी फार व्हायची. रात्री ताक घेत जा." एवढं बोलली नि ठेवला.
दूध उतू गेलं.

१९ नोव्हें.
गाडीत बसले दोघं. उद्या पोचतील. सुधीर बोलत होता, आईनं फोन ओढून घेतला. "काय काय दाखवणार?" मी कागद वाचला. सारनाथ आल्यावर म्हणाली, "ते राहू दे."
"मग काय बघायचंय?"
"तुझं स्वैपाकघर कितव्या मजल्यावर?"
"तिसऱ्या. सीढ्या उंच आहेत. गुडघे जातील तुझे."
"बसत बसत चढेन. तुला काय घाई?"
मला म्हणते, घाई! मग फोन कटला.
जेवणार का ते बोलली नाही. मी विचारलं नाही. नुसतं बघून जाईल एखादवेळ. मुलीचं घर बघायला बंदी नाही ना.
ह्यांना सांगून जिन्यात दोन वळणांवर दोन स्टुलं ठेवली. एक डगमगतं, खाली पुठ्ठा घातला. कागदावरचं सारनाथ खोडलं.
तांदूळ चौघांचे निवडलेत. धुतले नाहीत अजून.